वीस बाजूंचा फासा

मे महिन्यातला शनिवार. मानेवाड्यात
अंशुलच्या गच्चीवरची खोली,
कूलरची घरघर, वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास,
आणि चटईवर पसरलेला कागदी नकाशा:
सन दोन हजार नव्वद, कुठल्याशा कंपनीचा मनोरा,
तळघरात सर्व्हर, दारात लोखंडी कुत्रे.

माझं पात्र हॅकर. नाव करकोचा.
सोंगटी म्हणून शर्टाचं एक बटण.
मृणाल खेळ चालवते. ती सांगते,
समोर निळी भिंत आहे, भिंतीला डोळे आहेत,
डोळ्यांना तू दिसून राहिला.
मी फासा टाकतो. सतरा.
भिंत काचेसारखी कोसळते.
अंशुल टाळी देतो, "जमलं बे!"
नियमांच्या पुस्तकात लिहिलंय, एक फेरी म्हणजे सहा सेकंद.

मी हसतो. खेळात कोण तक्रार करतं?
सुगत दर आठवड्याला कुऱ्हाडीनं राक्षस तोडतो,
त्याला कुणी विचारत नाही
कुऱ्हाडीनं खांदा किती दिवस दुखतो.
पण माझं पोट सोमवार ते शुक्रवार
ह्याच कामावर आहे.

बँका, पतसंस्था, एखादं हॉस्पिटल
मला लेखी परवानगी देतात, शिक्क्यासकट,
की या, आमची दारं ढकलून बघा.
तिथे निळं काही नसतं.
एक यादी असते, रात्रभर चालवायची,
आणि सकाळी चारशे ओळींत
तीनशे नव्याण्णव वेळा 'नाही' वाचायचं.
कोपऱ्यात एक प्रिंटर असतो, त्याचा पासवर्ड
खोक्यातून आला तोच, नऊ वर्षं.
शेवटी अहवाल. त्याच्या पान बेचाळीसवर
तर्रीचा डाग पडला तरी चालतं,
तिथवर कुणी पोचत नाही.

आणि यंदाच्या मार्चात, इतवारीतल्या एका पतसंस्थेत
ढोबळेबाई होत्या.
मी फोन केला. मॅडम, हेड ऑफिसातून बोलतोय,
तुमचा आयडी बंद पडतोय,
आत्ता नाही केलं तर सगळ्यांचे पगार अडकतील.
माझा आवाज थकलेला होता.
तो थकवा मी दोन दिवस घोटला होता.
त्या म्हणाल्या, "थांबा भाऊ, चष्मा लावू द्या."
मग एकेक अक्षर सांगितलं.
नातवाचं नाव होतं. पुढे त्याचं जन्मसाल.
आणि फोन ठेवता ठेवता,
"जेवले काय जी? मार्चात लय हाल होते तुमचे."

चार मिनिटं. फासा नव्हता.
अहवालात मी लिहिलं:
कर्मचारी क्रमांक सात. धोका, उच्च.

हे मी सांगत बसलो, का कोण जाणे,
लोखंडी कुत्रे ताटकळत उभे ठेवून.
मृणालनं ऐकलं. फासा उचलला
आणि चिवड्याच्या डब्याखाली सरकवला.
"बरं. पुढचं दार.
मी रात्रपाळीची बाई, मनोऱ्याच्या खालच्या टेबलावर.
पोरगी घरी तापानं फणफणली आहे,
फोन वाजला, मला वाटलं घरूनच.
उचलला. बोल."

कूलरमधलं पाणी संपलं असावं,
मोटर कोरडी ओरडायला लागली.
वाक्य मला पाठ होतं.
मॅडम, हेड ऑफिसातून बोलतोय.
सन नव्वदमध्येही चालेल ते,
त्याला कुठलं यंत्र लागत नाही,
समोर चांगला माणूस असला की पुरे.

"हॅलो?" मृणाल म्हणाली, आणि तिचा आवाज
मृणालचा नव्हता.

"राँग नंबर," मी म्हणालो.

"काय बे!" सुगत ओरडला. "हारलो ना आपण!
मी दार तोडू का? कुऱ्हाड हाये माझ्यापाशी."
अंशुल बादली घेऊन कूलरकडे गेला.
मृणालनं तिच्या पुठ्ठ्याच्या आडोशामागे
वहीत काहीतरी लिहिलं, बरंच वेळ,
माझ्या नावासमोर.
मी वाकून बघितलं तर पान झाकलं.

नकाशावर, मनोऱ्याच्या बाहेर,
चार भोकांचं ते बटण.